चार बोटांवरची नजर

एथेलबर्ट गावात स्लाव्का कुझिकच्या आधी तिचा चष्मा ओळखला जायचा. ती चर्चच्या पायऱ्या चढायला लागली की पहिल्यांदा दिसायची ती दोन जाड भिंगं, मग त्यांच्यामागे बटणाएवढे झालेले डोळे, आणि मग बाई. शाळेत पोरं तिला ढापणी म्हणायची. पुढे ती पोरं आजोबा झाली, त्यातली काही मातीआड गेली, पण नाव काही मेलं नाही. आमच्या गावात माणसं मरतात, नावं ठेवलेली तशीच राहतात.

नंबर होता उणे अकरा. चष्मा काढला की समोर नवरा उभा आहे की दाराला कोट टांगलाय, हे तिला कळायचं नाही. "कोटच बरा, उलट बोलत नाही," असं ती पेत्रोला त्याच्या तोंडावर सांगायची, आणि पेत्रो हसायचा. पेत्रो गेल्यावर तो कोट तिने दारालाच राहू दिला.

पण त्या अधू डोळ्यांना एक देवाचं देणं होतं. चष्मा काढून एखादी वस्तू नाकापासून चार बोटांवर धरली की तिथे तिला जे दिसायचं, ते चांगल्या डोळ्यांच्या माणसाला भिंगातूनही दिसत नसे. अंड्याच्या कवचावरची बारीक बारीक छिद्रं तिला दिसायची. आणि तिला अंडीच तर बघायची असायची.

आमच्याकडे ईस्टरची अंडी रंगवत नाहीत, लिहितात. काडीच्या टोकाला पितळेची इवलीशी नळी बसवलेली असते. तिच्यात मधमाशीचं मेण घालायचं, मेणबत्तीवर तापवायचं आणि पांढऱ्या अंड्यावर रेघ ओढायची. मग अंडं रंगात बुडवायचं. मेणाखालचं पांढरं राहतं, बाकीचं रंगतं. शेवटी मेण ज्योतीशेजारी धरून वितळवायचं आणि फडक्याने पुसायचं, म्हणजे नक्षी उघडी पडते. हे काम ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, घरात भांडण नसताना, तोंड बंद ठेवून करायचं. स्लाव्काची आई म्हणायची, "हे काम नव्हे, ही प्रार्थना. प्रार्थना करते म्हणून कुणी गावभर सांगत सुटतं का?" म्हणून स्लाव्का दाराकडे पाठ करून लिहायची, आणि नाक अंड्याला टेकवलेली ती ढापणी गावाने कधी पाहिली नाही.

त्या घराची एक नक्षी होती. रंग एकच, काळसर लाल. अंड्याच्या पोटाभोवती लाटांची एक रेघ जायची आणि फिरून आपल्याच सुरुवातीला मिळायची. कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे सांगता येता कामा नये. घरातली बाई गेली की या नक्षीचं अंडं तिच्या हातात द्यायचं. आजीच्या हातात होतं ते आईने लिहिलेलं. आईच्या हातातलं स्लाव्काने लिहिलं. "मेलेलं माणूस या रेघेवरून चालत जातं," आई सांगायची. "मधे तुटली तर बिचारं तिथेच उभं राहतं."

स्लाव्काला एकच बहीण होती, चार वर्षांनी मोठी, हेन्या. लहानपणी दोघी एकाच अंड्यावर लिहायच्या. हेन्या पेन्सिलीने अंड्याचे भाग पाडायची, स्लाव्का रेघ ओढायची. हेन्याचे डोळे तेव्हा घारीसारखे होते. म्हातारपणी नेमके तेच गेले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला, एका डोळ्यात तर पडद्यामागे रक्त पाझरायला लागलं. त्यासाठी दर थोड्या आठवड्यांनी विनिपेग शहरात जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं. आधी थेंब घालून डोळा बधिर करतात आणि मग पांढऱ्या भागातून सुई आत. "दुखतं का गं?" स्लाव्काने पहिल्यांदा विचारलं होतं. "दुखत नाही. पण सुई येताना दिसते ना," हेन्या म्हणाली, "तेवढंच काय ते अजून नीट दिसतंय." इंजेक्शनांनी जाणारं थोडं थांबलं, गेलेलं आलं नाही. माणसाचा चेहरा बघायला हेन्या त्याच्या कानाकडे बघायची, कारण बाजूची नजर शाबूत होती आणि मधे नुसता राखाडी डाग होता. पुढे हृदयानेही दगा दिला, आणि तिला डॉफिनच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं.

डॉफिन एथेलबर्टपासून गाडीने तासाभराच्या आत. स्लाव्का दर रविवारी चर्च सुटलं की बर्शटचा, म्हणजे बिटाच्या आंबट सुपाचा, डबा घेऊन निघायची. मग तिच्याही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटून पसरायला लागले, पाट्या धुक्यात गेल्या. नजरेच्या तपासणीत ती नापास झाली आणि लायसन्स गेलं. शेजारचा मायरन तिला अधूनमधून न्यायचा, पण मायरन म्हणजे रेडिओ, आणि बंद करायचं बटणच नाही. "माझ्या पोरीने लेसरने डोळे करून घेतले," तो सांगायचा. "दुपारी केलं, दुसऱ्या दिवशी चष्मा कचऱ्यात. तूही कर की! अजून किती दिवस बाटलीची बुडं नाकावर घेऊन हिंडणारेस?"

त्याच वर्षी ईस्टर होऊन गेल्यावर हेन्याने तिचा हात धरून सांगितलं, "स्लाव्का, माझं अंडं तू लिही. येत्या ईस्टरला लिहून ठेव, पुढच्याचा मला भरवसा नाही. आणि ऐक, मेण पुसू नकोस. तसंच आण. मला ते बोटांनी वाचायचंय, हातात घेऊन. मेल्यावर मला काय कळणार?"

"गप गं. काहीतरीच."

"आईची नक्षी हवी. दुकानातलं अंडं हातात दिलंस तर उठून बसेन."

स्लाव्का हो म्हणाली. त्यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? हात तिचेच होते, आणि चार बोटांवरची नजर तेव्हा होती.

विनिपेगचे डोळ्यांचे डॉक्टर पेनर हे सरळ गृहस्थ. त्यांच्यावर राग काढायला मलाही आवडलं असतं, पण तशी जागा नाही. त्यांनी नीट समजावून सांगितलं. लेसरचं तिच्या कामाचं नाही. ते बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याला घासून आकार देतात, आणि तिचा नंबर त्याच्या आवाक्याबाहेरचा. शिवाय मोतीबिंदू आतल्या भिंगात आहे. ते गढूळ भिंग काढून तिथे नवं बसवायचं. आणि नवं बसवायचंच आहे तर हव्या त्या नंबरचं बसवता येतं.

"आता हे तुम्ही ठरवायचं, मिसेस कुझिक," ते म्हणाले. "लांबचं चष्म्याशिवाय दिसेल असं बसवू, की जवळचं? एक बिनचष्म्याचं मिळेल, दुसऱ्याला चष्मा लागेल. तुमच्यासारख्या नंबरच्या माणसांना जवळचं बघायची फार सवय असते. काही बारीक काम करता का?"

स्लाव्काने क्षणभर विचार केला. "स्वयंपाक करते. कधी बटण लावते," ती म्हणाली. "लांबचंच करा. मला गाडी चालवायचीय."

ती खोटं बोलली नाही. डॉक्टरांनी काम विचारलं होतं, आणि अंडं हे तिच्या लेखी काम नव्हतंच. परक्या माणसाला दवाखान्यात बसून आपली प्रार्थना कोण सांगतं? उन्हाळ्याचे दिवस, अंडी कुणाच्या डोक्यातही नव्हती. तिच्या डोक्यात हेन्याकडे जाणारा रस्ता होता, आणि साठ वर्षांची ढापणी होती. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, असं आपण आता म्हणायचं. त्या खुर्चीत बसून मीही लांबचंच म्हटलं असतं.

ऑपरेशन जागेपणीच झालं. डोक्यावर पांढरा उजेड, गार पाणी, कुणीतरी "हलू नका" म्हणतंय, आणि कॉफी गार व्हायच्या आत संपलंसुद्धा. एक डोळा आधी, काही आठवड्यांनी दुसरा. डोळ्यावर जाळीदार झाकण, दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही, चोळायचं नाही. झाकण काढलं त्या सकाळी ती दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी राहिली, आणि रस्त्यापलीकडच्या झाडाला एकेक पान वेगळं असतं हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. ती रडायला लागली. नर्स घाईघाईने म्हणाली, "रडू नका, थेंब वाहून जातील."

त्यानंतरचे महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे मला सांगितलंच पाहिजे. लायसन्स परत मिळालं. घरात किती जाळी आहेत ते दिसलं, आणि आपल्या मानेला किती सुरकुत्या आहेत तेही दिसलं, आणि ती दोन्हीला हसली. पेपर वाचायला औषधाच्या दुकानातला स्वस्त चष्मा पुरायचा. मायरन तिला चर्चच्या आवारात पहिल्यांदा बिनचष्म्याची बघून म्हणाला, "अरे देवा, स्लाव्का! तुला डोळे पण आहेत?"

"आहेत. आणि तू एवढा कुरूप आहेस हे आज कळलं," ती म्हणाली.

मग उपासाचे दिवस आले. बाहेर बर्फ, घरात लोणी बंद. स्लाव्काने मेणबत्ती लावली, दाराकडे पाठ केली, अंडं उचललं आणि सवयीने नाकाशी आणलं. तिथे काहीच नव्हतं. एक पांढरा ढग होता, आणि त्याला अंडं म्हणायचं असेल तर ते अंडं होतं.

तिने वाचायचा चष्मा लावला. त्यातून बघायला अंडं हातभर दूर धरावं लागायचं, आणि तिथून ते दिसायचं, पण दिसायचं ते दुकानदाराला दिसतं तसं. छिद्रं नाहीत, रेघेच्या कडा नाहीत, नळीचं टोक कुठे टेकलं तेही नाही. आणखी जाड चष्मा आणला. दिव्याला जोडलेलं मोठं भिंग मागवलं. भिंगाखाली अंडं मोठं झालं खरं, पण अंडं गोल; मधला भाग दिसला की कडा पोहायला लागायच्या, आणि हात भिंगाच्या एका बाजूला अन् डोळा दुसऱ्या बाजूला, असं तिचं जमेना. साठ वर्षं तिचा हात आणि डोळा एकाच ठिकाणी राहत होते. लाट फिरून आली की सुरुवातीच्या वर तरी जायची, नाही तर खाली. एकामागून एक अंडी तिने फोडून ऑम्लेटला लावायची म्हटली, तर उपासात तेही चालत नाही. ती शेजारच्या कुत्र्याने खाल्ली.

त्यातच तिला लांबचंही थोडं धुरकट दिसायला लागलं, आणि तिच्या मनाने उभारी घेतली. डोळ्यात काहीतरी बिघडलंय, ते काढलं की पूर्वीसारखं दिसेल, असं तिने ठरवूनच टाकलं. डॉक्टर पेनर यांनी तपासलं. नव्या भिंगामागे पातळ पापुद्रा धरला होता. "पुष्कळांना होतं. लेसरने मधोमध खिडकी पाडतो, दुखणारही नाही," ते म्हणाले. टिक टिक आवाज झाला, आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ लख्ख झालं. स्लाव्काने पर्समधून रुमालात गुंडाळलेलं अंडं काढलं आणि नाकाशी धरलं. तोच ढग.

डॉक्टर बघतच राहिले. "हे काय?"

तेव्हा तिने सांगितलं. सगळंच सांगितलं, आईचं, हेन्याचं, रेघेचं. सांगताना तिला वाटत होतं की आपण काहीतरी उघडंवाघडं करतोय.

"तुम्ही उन्हाळ्यात हे का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काम विचारलंत."

"मी..." ते थांबले. "हो. मी काम विचारलं."

"मग माझं जुनं परत बसवा."

"जुनं तर गेलं. हे काढून जवळच्या नंबरचं बसवायचं म्हटलं तर, तुमचा डोळा लांबट आहे, पडदा ताणलेला. आधीच धोका होता. आणि आता मी मागचा पापुद्रा उघडलाय. नवं भिंग धरायला मागे काही नाही. पडदा सुटला तर लांबचंही जाईल. मी तुम्हाला हो म्हणू शकत नाही, मिसेस कुझिक."

परत येताना बर्फातल्या रस्त्याची प्रत्येक पाटी तिला दुरून वाचता येत होती. ती प्रत्येक पाटी वाचत आली आणि प्रत्येक पाटीचा तिला राग आला.

हेन्या दिवसेंदिवस खचत होती. पाय सुजलेले, दोन शब्द बोलली की धाप. "झालं का माझं?" ती दर रविवारी विचारायची, आणि स्लाव्का म्हणायची, "होतंय. घाई कसली?" ऑपरेशनचं तिने हेन्याला कधी सांगितलंच नव्हतं, आता तर डोळ्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. काय सांगणार? तुझ्याकडे यायचा रस्ता दिसावा म्हणून मी तुझी रेघ घालवली?

शेवटच्या आठवड्यात तिने डोळे मिटूनही करून पाहिलं, हाताला आठवत असेल म्हणून. हाताला लाट आठवत होती, जोड आठवत नव्हता. मग एका सकाळी एक अंडं बरं उतरलं. लाटा सारख्या आल्या, आणि शेवटची लाट पहिलीच्या अंगावर जाऊन बसली, किंवा बसलीशी वाटली. तिने भिंगाखाली धरलं. एकदा बघितलं तर जुळलेली, पुन्हा बघितलं तर केसभर फट. दिवा हलवला की फट हलायची. तिने देवाचं नाव घेतलं आणि अंडं रंगात सोडलं. एकदा रंगात गेलं की कुणाच्याच हातात काही नसतं. मेण तिने पुसलं नाही. मेणबत्तीच्या काजळीने काळी पडलेली रेघ तशीच अंड्यावर उठून राहिली.

ईस्टरच्या रविवारी ती पास्का पाव, थोडं मीठ, लोणी आणि ते अंडं टोपलीत घालून डॉफिनला गेली. हेन्या उशांना टेकून बसली होती. स्लाव्काने अंडं तिच्या तळहातावर ठेवलं. हेन्याचं तोंड लहान पोरीसारखं उजळलं.

"मेण आहे ना?"

"आहे. तू म्हणालीस तसं."

"मग जा तिकडे. माझ्या डोक्यावर उभी राहू नकोस. आई उभी राहायची तशी."

स्लाव्का कोट टांगायला म्हणून दारापाशी गेली. मोतीबिंदूच्या दिवसांत त्या दारातून पलंगावरची हेन्या म्हणजे उशीएवढा एक डाग असायची. आता तिला सगळं दिसत होतं. चादरीचा टाका दिसत होता, हेन्याच्या हनुवटीवरचा एकुलता एक पांढरा केस दिसत होता, आणि अंड्यावरून फिरणारा अंगठा दिसत होता. अंगठा लाट चढला, उतरला, पुन्हा चढला. हेन्याचे ओठ हलत होते. ती मोजत असेल, नाही तर प्रार्थना करत असेल. अंगठा अंड्याला पूर्ण वळसा घालून आला.

आणि थांबला.

थोडा मागे गेला. पुन्हा पुढे आला, आणि त्याच जागी थांबला. हेन्याने नखाची कड तिथे हळूच टेकवली, सुईचं भोक शोधावं तशी. मग तिने डोळे मिटले. न दिसणारे डोळे मिटायचं काही कारण नव्हतं, पण तिने मिटले, आणि तिचा चेहरा अगदी म्हातारा झाला. हे सगळं एका श्वासाचं. दुसऱ्या श्वासाला ती हसत होती.

"जुळलीय गं," ती मोठ्याने म्हणाली. आपल्याला दारातून कोणी बघतंय हे तिला कुठे ठाऊक होतं? साठ वर्षं तिची बहीण ढापणी होती. "कुठे सुरू झाली ते सापडतच नाही. आईने लिहावी तशी."

स्लाव्काला ओरडावंसं वाटलं, हेन्याचे पाय धरावेसे वाटले. ती कोटाच्या बाहीत तोंड खुपसून उभी राहिली. मग ती म्हणाली, "झालं तर मग. पास्का कापू का?"

"काप. लोणी जास्त लाव. डॉक्टरला सांगू नकोस."

हेन्याने एका हाताने पाव खाल्ला. दुसऱ्या हातातलं अंडं तिने सोडलं नाही, आणि अंगठा त्या जागेवरून काढला नाही.

बर्फ वितळून शेतं काळी झाली तेव्हा हेन्या गेली. एथेलबर्टच्या चर्चमध्ये शवपेटी उघडी ठेवली होती. मायरन टोपी हातात धरून स्लाव्काशेजारी आला आणि त्याने अंड्याकडे बघितलं. "अगं, मेण काढ की," तो हळू आवाजात म्हणाला. "नुसतं काळं दिसतंय. नक्षी दिसू दे लोकांना."

"जिला बघायची होती तिने बघितली," स्लाव्का म्हणाली.

तिने अंडं हेन्याच्या हातात ठेवलं. मग अंडं बोटांत हळूच फिरवत, वाचायचा चष्मा न लावता, आपल्या बोटांनी चाचपून तिने ती फट शोधली, आणि बहिणीचा गार अंगठा नेमका तिच्यावर टेकवला. घट्ट टेकवला. पुढच्या बाकावर तिची जागा राखली होती, पण ती तिथे बसली नाही. सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली, आणि तिथून, चष्म्याशिवाय, पेटीचं झाकण लागेपर्यंत तिला तो अंगठा स्वच्छ दिसत राहिला.